बीपीची गोळी आणि चारित्र्याची परीक्षा

बीपी वाढलेले निघाले की घरोघर दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, ‘गोळी नको, एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही.’ दुसरे, ‘जरा चालायला जा, मीठ कमी कर, टेन्शन घेऊ नकोस, आपोआप उतरेल.’ दोन्ही वाक्ये मायेपोटी येतात, म्हणून त्यांना कोणी हटकत नाही. पण त्यांच्यामागे एक पक्की समजूत दडलेली असते: पथ्याने बीपी आटोक्यात ठेवणारा माणूस शहाणा नि संयमी, आणि गोळी घेणारा स्वतःपुढे हरलेला. ही समजूत मला उथळ वाटते. तिच्यापायी दरवर्षी किती घरांत धडधाकट माणूस एका सकाळी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळतो, हे पाहिले म्हणजे तिला निरुपद्रवी म्हणवत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. औषध आणि जीवनशैली हे एकाच कामाचे दोन पर्याय नाहीत. ज्याचा दाब आज वाढलेला आहे त्याचा मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे आजपासून सांभाळणे हे गोळीचे काम. दाब मुळात वाढू नये, वाढलेला आणखी चढू नये, हे जीवनशैलीचे काम. आणि ते एकट्या रुग्णाच्या हातात फार थोडे असते. त्याचा मोठा भाग स्वयंपाकघर, बाजार, रस्ता आणि कामाचे तास ठरवतात. आपण वाटणी नेमकी उलटी केली आहे. समाजाने करायचे काम रुग्णाच्या मनोनिग्रहावर सोपवले आणि नळाच्या पाण्यासारखी सहज मिळायला हवी ती गोळी लाजेची, लपवून घेण्याची वस्तू करून टाकली.

१. न दुखणारा आजार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला निघाला किंवा त्यासाठी ते औषध घेत होते. म्हणजे चार-पाच माणसांमागे एक. यातल्या बहुतेकांना काहीच होत नसते. डोके दुखत नाही, छातीत धडधडत नाही, जिना चढताना दम लागत नाही. ‘मला काही त्रासच नाही’ हे वाक्य डॉक्टरांना रोज ऐकावे लागते आणि ते खरेही असते. दाब वाढल्याने रक्तवाहिन्यांच्या भिंती हळूहळू जाड नि ताठर होतात, हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू फुगतो, मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या निकामी होऊ लागतात, आणि हे सारे दहा-पंधरा वर्षे बिनबोभाट चालते. त्रास जाणवतो तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते.

उलट बाजूचा हिशेब दिलासा देणारा आहे. २०१६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये सहा लाखांहून अधिक माणसांवरच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. वरचा आकडा दहा मिलिमीटरने उतरवला तर हृदय आणि रक्तवाहिन्यांचे मोठे आघात वीस टक्क्यांनी, पक्षाघात सत्तावीस टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू तेरा टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात दिसले. फक्त दहा मिलिमीटर. तो उतार दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष टिकला पाहिजे, एवढीच अट. ही टिकण्याची अट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

इथे मोजण्याविषयी सांगायलाच हवे. बाह्यरुग्ण विभागातले चित्र असे असते: माणूस बस गाठून, जिना चढून, रांगेत ताटकळून आत येतो, स्टुलावर पाठ अधांतरी, हात लोंबकळता, पट्टा सदऱ्याच्या बाहीवरूनच गुंडाळला जातो, पट्टा फुगत असताना परिचारिका नाव-गाव विचारत असते आणि तो उत्तरे देत असतो. अशा आकड्यावर ना गोळी सुरू करावी ना बंद. पाच मिनिटे स्वस्थ बसणे, पाठीला टेका, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर, दंड उघडा, लघवी करून आलेले, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, तोंड बंद, आणि एकदा मोजून पुन्हा एकदा. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात आणि एक पैसाही लागत नाही. गोळी की पथ्य यावर तासभर वाद घालणाऱ्या घरांत आकडा नीट मोजलेला आहे का, हे क्वचितच कोणी विचारते.

२. गोळी नव्हती तेव्हा काय होत होते

फक्त जीवनशैलीवर भिस्त ठेवली तर काय होते, याचा इतिहासात नोंदलेला एक ठळक दाखला आहे. १९४४च्या मार्चमध्ये हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तपासले, तेव्हा दाब १८६/१०८ होता आणि हृदय फुगलेले होते. त्या काळी हाताशी होते ते सारे केले गेले. मीठ कमी, वजन कमी, सिगारेटी कमी, दुपारी सक्तीची विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान देशाचा प्रमुख, दिमतीला आचारी आणि डॉक्टर. युद्धाचा ताण मात्र कोणी हलका करू शकत नव्हते. १९४५च्या फेब्रुवारीत याल्टा परिषदेच्या वेळी दाब २६०/१५०पर्यंत पोचला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले, त्या दिवशीचा वरचा आकडा ३००च्या घरात होता. आज जनौषधी केंद्रात ज्या गोळ्यांचा महिन्याचा साठा एका साध्या थाळीच्या दामात मिळतो, त्यातली एकही तेव्हा अस्तित्वात नव्हती.

त्याच सुमारास ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर हा डॉक्टर रुग्णांना नुसता भात, फळे, फळांचा रस आणि साखर यांवर ठेवत होता. त्या जेवणात मीठ जवळजवळ नव्हतेच. काही अत्यंत गंभीर रुग्णांचा दाब त्याने खरोखर उतरला, डोळ्यांच्या पडद्यावरचे रक्तस्राव जिरले. म्हणजे आहाराची ताकद खरी आहे, तिला थोतांड म्हणणारा चुकतो. पण असे अळणी, एकसुरी जेवण महिनोन्महिने जेवणारी माणसे किती निघणार? केम्पनरच्या भाताने एक शास्त्रीय सत्य सिद्ध केले. रोजच्या आयुष्यात पेलेल असा उपचार त्यातून मिळाला नाही.

पारडे फिरले ते १९६७ साली. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ पुरुषांची चाचणी केली. खालचा आकडा ११५ ते १२९च्या दरम्यान असलेले हे लोक. अर्ध्यांना औषधे, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. सरासरी दोन वर्षेही झाली नव्हती, तोवर औषधाविना असलेल्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले होते आणि औषधाच्या गटात फक्त दोघांवर. वैद्यकाच्या इतिहासात इतका लख्ख निकाल फार थोड्या चाचण्यांनी दिला असेल. त्याआधी कित्येक नामवंत डॉक्टरांचे प्रामाणिक मत असे होते की वाढलेला दाब ही शरीराने केलेली तडजोड आहे, तिला हात लावू नये. त्या मताला या चाचणीने कायमची मूठमाती दिली.

३. ‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल’

फ्रीस यांच्या चाचणीतल्या तीन औषधांपैकी एक होते रेसर्पिन, आणि त्याचा माग मुंबईपर्यंत येतो. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा वाढलेल्या रक्तदाबावर काय परिणाम होतो याचा पद्धतशीर अभ्यास करून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला. पन्नास रुग्णांच्या नोंदी त्यात होत्या. जगाचे लक्ष या मुळीकडे वळले, १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि १९५७ साली डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. मराठी वाचकांत हे नाव जितके घरचे असायला हवे तितके ते नाही, याचे वाईट वाटते.

या कहाणीत ‘मी केमिकल घेत नाही, आयुर्वेदिक घेतो’ म्हणणाऱ्यासाठी बरेच काही आहे. सर्पगंधा गुणकारी ठरली ती तिच्यातल्या एका रसायनामुळे. आणि त्याच रसायनाने मोठ्या मात्रेत सुस्ती, चोंदलेले नाक आणि नैराश्याच्या तक्रारी आणल्या, म्हणून मात्रा उतरवावी लागली आणि पुढे अधिक सोसवणारी औषधे आल्यावर ते मागे पडले. बीपीवरची रॅमिप्रिल ही गोळी ज्या कुळातली त्या गोळ्यांचा शोध ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून लागला. वस्तू झाडातून आली, सापातून आली की कारखान्यातून, यावरून ती शरीरात काय करील हे ठरत नाही. ते मोजूनच कळते.

उलट नैसर्गिक म्हणून बिनधास्त खाल्ल्या जाणाऱ्या दोन पदार्थांची नावे इथे घेतो. ज्येष्ठमध घशासाठी रोज चघळला तर शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम उतरते आणि दाब चढतो. आणि सैंधव. ‘आम्ही सैंधव वापरतो, त्याने बीपी वाढत नाही’ असे किती आत्मविश्वासाने सांगितले जाते! सैंधव हेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी आहे म्हणून मूत्रपिंड त्याला वेगळी वागणूक देत नाही.

४. पथ्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये

पथ्याची बाजू मी कमी लेखतो आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून तिचे सगळ्यांत चांगले पुरावेच घेऊ. १९९७ साली अमेरिकेत ‘डॅश’ नावाच्या आहाराची चाचणी झाली: भरपूर भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दूधदुभते, कडधान्ये. ज्यांचा दाब वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा सुमारे अकरा मिलिमीटरने उतरला. रोजचे मीठ चार-साडेचार ग्रॅमने घटवले तर वाढलेल्या दाबात साधारण पाच मिलिमीटरचा उतार मिळतो. वजन किलोभर उतरले की सुमारे एक. नियमित भरभर चालण्याने पाच ते आठ. दारू सोडली किंवा बरीच कमी केली तर आणखी थोडा. एका नेहमीच्या मात्रेतल्या गोळीने सरासरी नऊ मिलिमीटर उतरतात हे शेजारी ठेवले तर पथ्य गोळीच्या तोडीस तोड दिसते.

पण दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. पहिली, हे आकडे एकात एक मिळवता येत नाहीत. सगळे केले तरी एकूण उतार बेरजेपेक्षा कमीच भरतो. दुसरी अधिक महत्त्वाची. ‘डॅश’च्या चाचणीत लोकांना तयार जेवण आयते दिले जात होते. २००३ सालच्या पुढच्या एका मोठ्या प्रयोगात जेवण न देता ‘असे खा’ म्हणून उत्तम समुपदेशन केले, तेव्हा वजन, मीठ, व्यायाम यांच्या नेहमीच्या सल्ल्यावर त्या आहाराने टाकलेली भर अगदीच नगण्य निघाली. आहार तोच होता. फरक पडला तो ताटात अन्न कोण वाढतो याने.

मग सरळ प्रश्न विचारू. ज्याचा वरचा आकडा १७० आहे, त्याला १३०च्या आसपास यायला चाळीस मिलिमीटर उतरायचे आहेत. अतिशय निग्रही माणसालाही पथ्याने एवढा पल्ला गाठणे जवळजवळ अशक्य. त्याला ‘आधी सहा महिने पथ्य करून बघू’ म्हणणे म्हणजे सहा महिने धोक्यात ठेवणे. याउलट पस्तिशीतला माणूस, आकडा १४२/९०, मधुमेह नाही, मूत्रपिंडे ठीक, घरात लवकर हृदयविकाराचा इतिहास नाही. त्याने तीन महिने मीठ, वजन, चालणे यांवर मेहनत घेऊन पाहणे योग्यच आहे. फक्त तीन महिन्यांनंतरची तारीख त्याच दिवशी ठरवावी आणि त्या दिवशी आकडा खाली नसेल तर गोळी घ्यावी. आपल्याकडे हे ‘करून बघू’ तारखेविना चालते आणि वर्षानुवर्षे चालते.

५. मीठ कोणाच्या हातात असते

आता वादाच्या गाभ्याकडे येतो. ‘जीवनशैली’ म्हटले की जणू प्रत्येक जण स्वतःची शैली निवडून घेतो असे वाटू लागते. पुरावे वेगळे सांगतात.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या जगभरच्या पाहणीत ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते. त्यांच्या आहारात मीठ जवळपास नाही. त्यांचा सरासरी दाब ९६/६१च्या आसपास निघाला आणि वयाबरोबर तो चढतही नव्हता. म्हणजे ‘वय झाले की बीपी वाढायचेच’ हा निसर्गनियम नव्हे. केनियातल्या लुओ समाजाचा अभ्यास त्याहून बोलका आहे. गाव सोडून नैरोबीत आलेल्या लुओंचा दाब आल्यानंतर महिन्याभरातच गावाकडच्यांपेक्षा चढलेला आढळला. लघवीतले सोडियम वाढले होते, पोटॅशियम घटले होते. माणसे तीच. महिन्याभरात कोणाचे चारित्र्य ढासळत नाही. बदलले होते ते अन्न आणि गाव.

आपल्याकडे पाहू. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ पाव, चीज, डबाबंद पदार्थांतून पोटात जाते. भारतात ते मुख्यतः घरच्या फोडणीत, आमटीत, भाजीत पडते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आपण सरासरी आठच्या आसपास आहोत. घरच्या घरी पडताळून पाहता येते. चार माणसांच्या घरात माणशी पाच ग्रॅमने रोज वीस ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. माणशी आठ ग्रॅमने तो महिन्यात संपतो. यात लोणचे, पापड, फरसाण, खारे दाणे, सुका बोंबील, बाहेरचा वडापाव धरलेलाच नाही. पुड्यावर बॉलपेनने तारीख टाकून ठेवा, उत्तर मिळेल.

पण हा पुडा कोण उघडते? बीपी साधारणपणे घरातल्या कर्त्या पुरुषाचे किंवा सासूबाईंचे सापडते आणि मीठ सुनेने घालायचे असते. अळणी आमटीवर ताटावरची कुरकुर तिला ऐकावी लागते. तिचे स्वतःचे बीपी बहुधा कोणी मोजलेलेच नसते. चालण्याचेही तसेच. पहाटे मैदानावर पांढरे बूट घालून फेऱ्या मारणाऱ्याला ‘चाला’ हा सल्ला सोपा वाटतो. सोसायटीच्या दारावर बारा-बारा तास पाळी करणाऱ्या, दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपू पाहणाऱ्या सुरक्षारक्षकाला तोच सल्ला देताना लाज वाटायला हवी. तुटकी झोप, रात्रपाळी, घोरण्यात अडकणारा श्वास, यांनीही दाब चढतो. हे कुठल्याच ‘जीवनशैली’च्या पत्रकात ठळक छापलेले नसते.

इंग्लंडमधले साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ साली मांडलेला मुद्दा इथे निर्णायक आहे. एखाद्याच माणसाचा दाब का वाढला आणि अख्ख्या समाजाचाच दाब का वाढला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी असतात. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येकाला उपदेश करून मिळत नाही. फिनलंडने १९७०च्या दशकापासून खाद्य उद्योग, शाळा, उपाहारगृहे, वेष्टनांवरच्या सूचना अशा सगळ्या अंगांनी मीठ उतरवत आणले. ब्रिटनने २००३नंतर पावातले मीठ गाजावाजा न करता पायरी-पायरीने कमी करवले. लोकांच्या जिभांना ते कळलेही नाही. चीनच्या ६०० गावांत सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर कोणाला काही सोडायलाच सांगितले नाही. निम्म्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी पाऊण भाग सोडियम आणि पाव भाग पोटॅशियम असलेले मीठ दिले. पाच वर्षांच्या आत त्या गावांत पक्षाघात चौदा टक्क्यांनी आणि मृत्यू बारा टक्क्यांनी कमी झाले. २०२५च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाचा पुरस्कार केला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना, आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालणार नाही, कारण रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. पण बाकीच्यांसाठी ते किराणा दुकानात साध्या मिठाच्या भावात का मिळू नये? रेशनवर का नाही? जीवनशैली सुधारायची तर चर्चा या दिशेने जायला हवी.

६. आक्षेप

‘एकदा लागली की सुटत नाही.’ यात सवय लागण्याचा अर्थ गृहीत धरलेला असतो आणि तो चुकीचा आहे. ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन यांची शरीराला तलफ लागत नाही. गोळी थांबवली की दाब मूळ जागी जातो, कारण दाब वाढवणारी परिस्थिती जिथल्या तिथेच असते. (क्लोनिडिन आणि काही बीटा-ब्लॉकर मात्र अचानक बंद करू नयेत, तेव्हा दाब उसळतो.) गोळी कमी होऊ शकते का? होऊ शकते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत साठीपुढच्या, एकाच औषधावर असलेल्या लोकांना मीठ आणि वजन कमी करायला मदत करून गोळी थांबवून पाहिली. ज्यांनी दोन्ही केले त्यांच्यापैकीही निम्म्याहून कमी लोक पुढे गोळीशिवाय नीट राहिले. गोळीपासून अशी सुटका मिळाली तर आनंदाची गोष्ट, पण तिच्या आशेवर आज गोळी नाकारणे योग्य नाही.

‘साइड इफेक्ट होतात.’ होतात, आणि डॉक्टरांनी ते आधीच सांगायला हवेत. ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, रॅमिप्रिलच्या कुळाने कोरडा खोकला लागतो, क्लोरथॅलिडोनने रक्तातले सोडियम-पोटॅशियम उतरू शकते, म्हाताऱ्या माणसाला उठताना भोवळ येऊ शकते, गरोदरपणात टेल्मिसार्टन चालत नाही. यातल्या बहुतेकांवर इलाज आहे: गोळी बदलणे किंवा मात्रा उतरवणे. एका गोळीची मात्रा निम्मी केली तरी तिचा तीन-चतुर्थांशाहून अधिक परिणाम शिल्लक राहतो आणि त्रास बराच घटतो. म्हणून एकाच औषधाचा मारा वाढवण्यापेक्षा दोन औषधांच्या छोट्या मात्रा बऱ्या. आपल्याकडे होते असे की सूज आली की माणूस डॉक्टरांना न सांगता गोळी सोडतो आणि गुडघेदुखीची गोळी चालू ठेवतो. त्या दुखणे थांबवणाऱ्या गोळ्याच दाब वाढवतात.

‘गोळी दिली की लोक पथ्य सोडतील.’ हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, त्याला पुरावाही आहे. फिनलंडमध्ये चाळीस हजारांहून अधिक लोकांच्या २०२० सालच्या अभ्यासात, बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केलेल्यांचे वजन किंचित वाढलेले आणि व्यायाम घटलेला दिसला. धूम्रपान आणि दारू मात्र कमी झाली होती. म्हणजे गोळी लिहून देऊन डॉक्टरांची जबाबदारी संपत नाही, हे मान्य. पण यावरून गोळी रोखून धरण्याचा निष्कर्ष कसा निघतो? माणसाने पथ्य पाळावे म्हणून त्याचा मेंदू ओलीस ठेवायचा हा न्याय मला पटत नाही.

‘हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे.’ महागड्या ब्रँडांच्या बाबतीत हा राग रास्त आहे. पण ज्या औषधांविषयी मी बोलतो आहे ती सगळी पेटंटमुक्त, जुनी आणि स्वस्त आहेत. या औषधांचा तुटवडा गरिबाला जितका भोवतो तितका त्यांचा अतिरेक भोवत नाही.

आणखी एक गोष्ट आक्षेप म्हणून नव्हे पण सावधगिरी म्हणून. वय कमी आणि दाब फार, किंवा तीन-तीन गोळ्या घेऊनही आकडा हलत नाही, अशा वेळी मूत्रपिंड, त्यांच्या रक्तवाहिन्या, ॲड्रिनल ग्रंथी, झोपेतला श्वास यांपैकी कुठे मूळ आहे का हे शोधायला हवे. तिथे मूळ सापडेपर्यंत नुसती गोळ्यांची भर पुरत नाही, की नुसते पथ्यही.

७. खरी अडचण सातत्याची

दहा मिलिमीटरचा उतार टिकला तरच फायदा, असे सुरुवातीला म्हटले. टिकण्याच्या परीक्षेत पथ्य आणि गोळी दोन्ही नापास होतात आणि दोन्हींची कारणे बऱ्याचदा तीच असतात. गोळी सुटते ती ओपीडी सकाळचीच असते आणि गेले तर दिवसाची मजुरी बुडते म्हणून. दहाच दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवल्या जातात म्हणून. या खेपेला ‘ती गोळी संपली, ही घ्या’ म्हणून रंग बदलतो आणि माणसाचा विश्वास उडतो म्हणून. आकडा १२८ आला की ‘बीपी बरे झाले’ असे वाटते म्हणून.

२०१७ साली सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ने याच साध्या जागा पकडल्या, म्हणून मला त्या उपक्रमाचे मोल वाटते. पहिल्या टप्प्यातल्या पंचवीस जिल्ह्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. सगळीकडे एकच ठरलेली औषधयोजना, कोणत्या आकड्याला कोणती पुढची पायरी हे आधीच लिहिलेले; त्या मोजक्या औषधांचा अखंड साठा; पाठपुरावा फक्त डॉक्टरांवर न सोडता परिचारिका आणि आशाताईंपर्यंत वाटून दिलेला; आणि चुकलेल्या रुग्णाला फोन करता यावा अशी साधी नोंद. यात कुठेही कोणाच्या संयमाची परीक्षा नाही. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने या कामाची दखल घेतली गेली.

या जाळ्यातून कोण निसटते ते आता पाहायला हवे. बीड जिल्ह्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरला उसाच्या तोडीला निघालेले जोडपे मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. पहाटे अंधारात कोयता हातात घेणाऱ्या बाईला ‘रोज अर्धा तास चाला’ हे सांगण्यात अर्थ नाही, आणि कोपीत भाकरीबरोबर मिठाचा ठेचा खाल्ला म्हणून तिला बोल लावण्यातही नाही. तिला हवे आहे ते निघण्याआधी गावातल्या उपकेंद्रात एकदा नीट मोजलेला आकडा, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम, आणि कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्रातही चालणारे कार्ड. बीडमधल्या पाटोद्याला लिहिलेली गोळी कारखान्यापाशी कोपरगावला त्याच नावाची, त्याच मात्रेची मिळाली पाहिजे. तोड संपेपर्यंत तिथल्या आशाताईंनी महिन्यातून एकदा तळावर पट्टा घेऊन जायला हवे आणि त्या फेरीचा खर्च कारखान्याने द्यायला हवा.